हवा गेली, गाडी थांबली

आम्ही कारकून माणूस. मालवाहतुकीच्या कचेरीत गाडी किती वाजता सुटली, किती वाजता पोचली आणि उशिराबद्दल ड्रायव्हरचे किती पैसे कापायचे, हे लिहिणे आमचे काम. ‘ब्रेक जाम झाला होता’ असे कुणी सांगितले की आम्ही मनात म्हणत असू, ही नेहमीचीच सबब! २०१८ च्या पावसाळ्यात मात्र आमचे डोळे उघडले.

नाशिकहून धाकट्या भावाच्या ट्रकमधून आम्ही कल्याणला निघालो होतो. गाडीत कांद्याची पोती. सोबत क्लीनर, आमच्याच वस्तीतला अठरा-एकोणीस वर्षांचा पोरगा. इगतपुरी सोडून कसारा घाट उतरू लागलो तोच बझर वाजू लागला. हवेचा काटा घसरला. भावाने गाडी कशीबशी कडेला घेतली आणि मागची चाके आवळली गेली. गाडी जागची हलेना.

मालकाचा फोन आला. “चेंबरचा बोल्ट फिरव, स्प्रिंग मागे घे आणि गाडी खाली आण. कांदा सकाळी बाजारात पाहिजे.” आम्हीही म्हणालो, “एवढेच असेल तर करून टाक. उगाच पैसे कापले जातील.” पोरगा पाना घेऊन गाडीखाली शिरायला निघालासुद्धा.

भावाने त्याला दंडाला धरून मागे ओढले. म्हणाला, “दादा, हा ब्रेक हवेने लागत नाही, हवेने सुटतो. चेंबरात जबर स्प्रिंग आहे. हवा तिला दाबून धरते तेव्हा चाक फिरते. हवा गेली की स्प्रिंग चाक आवळते. आज तिनेच आपल्याला उतारावर धरलंय. तीच मागे घेतली, तर हा पोरगा गाडीखाली असताना गाडी कोण धरणार?”

आम्ही गप्प झालो.

हवा गेली तर गाडी थांबलीच पाहिजे, हा विचार जुना आहे. अमेरिकेत जॉर्ज वेस्टिंगहाउस यांनी १८७२ च्या सुमारास रेल्वेच्या ब्रेकसाठी तो अमलात आणला. आम्ही बी.कॉम. झालेलो, पण आम्हाला तो सातवी शिकलेल्या भावाने शिकवला.

मग त्याने पद्धतशीर शोध घेतला. आधी चारी बाजूंच्या चाकांना मोठे दगड लावले. पार्किंगचा खटका ओढलेला ठेवून इंजिन चालू केले. काटा हळूहळू आठ किलोपर्यंत चढला. म्हणजे कॉम्प्रेसर ठीक. मग खटका सोडला, तशी काटा पुन्हा घसरू लागला आणि मागच्या चाकाजवळ फुस्स आवाज आला. गळती स्प्रिंगकडे जाणाऱ्या वाटेत होती. खटका ओढलेला असताना त्या वाटेत हवाच नसते, म्हणून आधी काही कळले नव्हते. बॅटरीच्या उजेडात पाहिले, तर रबरी नळी लोखंडाला घासून फाटलेली.

पहाटे मेकॅनिकने नवी नळी बसवली. सांध्यावर साबणाचे पाणी सोडून बुडबुडे येत नाहीत ना, ते पाहिले आणि मगच दगड काढले. कांदा उशिरा पोचला, भावाचे पैसे कापले गेले. पोरगा मात्र धडधाकट घरी आला. त्याच्या आईने आम्हाला चहा पाजला तेव्हा आमची मान खाली होती. घाटात आम्ही काय बोललो होतो, हे तिला ठाऊक नव्हते.

तेव्हापासून उशिराची नोंद करण्याआधी आम्ही कारण विचारतो, लिहितो आणि साहेबांपुढे ठेवतो. कधी पैसे वाचतात, कधी नाही.

आपल्या घरांतली पुष्कळ मुले क्लीनर म्हणून गाडीवर जातात. त्यांना एवढे सांगून पाठवा: चाकाला दगड लावल्याशिवाय गाडीखाली जायचे नाही. टाकीतले पाणी रोज काढायचे. स्प्रिंगचा चेंबर कधीही स्वतः उघडायचा नाही, ती स्प्रिंग उसळली तर जीव जातो. आणि मालक फोनवर कितीही ओरडला, तरी उतारावर ब्रेक मोकळा करायचा नाही. फोनवरचा माणूस गाडीखाली नसतो.