हळू गाडीचा ताप

भाचा घाटकोपरहून सुट्टीला आला की आमच्या मुलुंडच्या घराची गॅलरी त्याच्या ताब्यात जाते. तिथे मांडलेल्या साडेसोळा मिलिमीटर गेजच्या रुळांवर त्याची लोकल धावते. यंदाच्या मे महिन्यात त्याने तक्रार आणली, ‘‘मामा, गाडी फलाटात शिरताना मध्येच थांबते. जरा वेळाने आपली आपणच निघते.’’

मी रूळ स्पिरिटने पुसले, इंजिनाची चाकं पुसली. फरक शून्य. मग पॉवर सप्लायच्या डब्यावर हात ठेवला आणि चटकन मागे घेतला.

डबा मीच बांधलेला. ट्रान्सफॉर्मर, ब्रिज रेक्टिफायर, ४७०० मायक्रोफॅरडचा कपॅसिटर आणि वेग कमी-जास्त करायला एलएम ३१७. ही चिप फार तापली की स्वतःला बंद करते, निवली की पुन्हा सुरू होते. गाडी का थांबते ते कळलं. चिप का तापते ते कळायचं होतं.

रुळांच्या वायरी सोडवल्या, डबा हळूहळू निवला. म्हणजे आत काही जळत नव्हतं. मग मीटर लावून करंट पाहिला: ०.८ अँपिअर. जुन्या इंजिनाला एवढा लागतोच, शॉर्ट नाही. प्लग काढून, कपॅसिटर रिकामा करून (हे कधीही विसरू नये) चिप हीट सिंकवरून उतरवली. मधली पेस्ट वाळून चुन्यासारखी भुगा झाली होती. जुनी खरवडली, अभ्रकाची चकती बदलली, लॅमिंग्टन रोडवरून आणलेला मोठा हीट सिंक बसवला. तासभर गाडी पूर्ण वेगात पळवली. डबा जेमतेम कोमट. मी निर्धास्त झालो.

भाचा आला, त्याने आपल्या पद्धतीने गाडी चालवली, आणि पंधरा मिनिटांत हीट सिंकवर बोट टिकेना.

तेव्हा कागद घेऊन बसलो. कपॅसिटरवर साधारण १८ व्होल्ट. पूर्ण वेगाला रुळांवर १२ जातात; उरलेले ६ चिप अंगावर घेते, म्हणजे पाच वॅटच्या आसपास उष्णता. फलाटात शिरताना रुळांवर ५ व्होल्ट, चिपवर १३. दहा वॅटच्या वर! गाडी जितकी हळू, तितकी चिप गरम. मी इतकी वर्षं या डब्याची परीक्षा पळत्या गाडीवर घेत आलो होतो, आणि मूल मात्र गाडी थांबवण्यात रमलं होतं.

आपल्या डीसी लोकललाही हेच दुखणं होतं. ३ फेब्रुवारी १९२५ला हार्बर मार्गावर व्हीटी ते कुर्ला विजेची पहिली गाडी धावली ती १५०० व्होल्ट डीसीवर. गाडी सुटताना मोटारींना एवढा दाब सोसवत नाही, म्हणून जास्तीचा दाब मोटरकोचखालच्या रेझिस्टन्समध्ये उष्णता होऊन जायचा. फलाटाच्या कडेला उभं राहिलं की पायांना जी गरम झुळूक लागायची, ती मला अजून आठवते. रेल्वेने त्यावर काढलेला उपाय मला फार देखणा वाटतो: सुरुवातीला मोटारी सिरीजमध्ये, वेग घेतल्यावर पॅरललमध्ये. दाब जाळण्याऐवजी वाटून घ्यायचा. एप्रिल २०१६ मध्ये हार्बरवरच डीसीचा शेवट झाला आणि ही युक्तीही त्या गाड्यांबरोबर गेली.

माझ्या डब्यासाठी एक वाट सरळ होती: वीज क्षणाक्षणाला चालू-बंद करून वेग ठेवणारं सर्किट बसवायचं. त्यात उष्णता फारच थोडी. पण या जुन्या मोटारीची त्यावर होणारी गुणगुण मला सोसत नाही. माझ्या ट्रान्सफॉर्मरला १२ आणि १५ व्होल्टचे दोन टॅप होते, वापरात फक्त १५चा. दोन्हींमध्ये एक स्विच टाकला. स्विचच्या एका बाजूला ‘स्लो’ लिहिलं, दुसऱ्या बाजूला ‘फास्ट’. ‘स्लो’वर कपॅसिटरला १४च्या आसपास मिळतात, आणि चिपवरचे दहा वॅट सातवर येतात. नव्या हीट सिंकला तेवढे झेपतात.

काल भाच्याने विक्रोळी, कांजुरमार्ग, भांडुप असे पुठ्ठ्याचे सगळे फलाट घेतले, प्रत्येक ठिकाणी इंचाइंचाने शिरत. चाळीस मिनिटांनी मी हीट सिंकच्या पात्यांवर बोटं ठेवली आणि दहापर्यंत मोजलं.

‘‘मामा, हात काढ ना,’’ तो म्हणाला, ‘‘नाहूर यायचंय अजून.’’