पाच इंचांवर नऊ वार

आजी पाच फुटांची होती, म्हणून ती पाच इंचांची करायची ठरली. बाहुलीघरं करणाऱ्यांचं हे रुळलेलं माप आहे, फुटाला इंच. चेहरा जमला, अंबाडा जमला, हातांवरच्या शिरासुद्धा जमल्या. अडलं ते लुगड्यापाशी.

पहिल्यांदा मी खरंच कापड घेतलं. उसवलेल्या गोधडीतून निघालेला, आजीच्याच लुगड्याचा तुकडा. धुऊन धुऊन सायीसारखा झालेला. याहून अस्सल काय मिळणार? पण तिच्या अंगावर चढवला तर ताडपत्रीसारखा ताठ उभा राहिला. माणूस बारा पटींनी लहान करता येतो. सूत मात्र होतं तेवढंच जाड राहतं. जन्मभर आजीच्या अंगावर नांदलेलं ते कापड या आजीला काही ओळख देईना. मग पॉलिमर क्ले आणली.

नावात क्ले असली तरी तिच्यात माती औषधालासुद्धा नसते. पीव्हीसीची पूड आणि ती मऊ राहावी म्हणून घातलेलं तेलकट द्रव्य, म्हणजे आपल्या नळाच्या पाइपाचीच मवाळ बहीण. फिमो, स्कल्पी अशा नावांनी मिळते. शाडूसारखी वाऱ्याने वाळत नाही, त्यामुळे घाई नाही. वाटलं तर महिनाभर एकच निरी घालत-मोडत बसावं. मी बसले आहे.

कॉर्नफ्लॉवरची पिठी लावून ती पापडासारखी लाटायची. माझ्या हाताला जमते ती फार तर अर्ध्या मिलिमीटरपर्यंत. हे पातळ वाटतं, पण बाराने गुणा: सहा मिलिमीटर. आजीने लुगडं नाही, सतरंजी नेसली असती. यावर उपाय एकच, आणि तो सरळ सरळ फसवणुकीचा आहे. कापड किती जाड हे डोळा त्याच्या काठावरून ठरवतो. म्हणून पाती आत कशीही असो, कड तेवढी बोटाने दाबत दाबत जवळजवळ पारदर्शक करायची. करंजीची कड जाड राहिली तर सारणाचं कौतुक कोण करतं?

नऊ वार म्हणजे 27 फूट, आमच्या मापाने 27 इंच. तेवढी पट्टी गुंडाळली असती तर आत आजी सापडली नसती. म्हणून दिसेल तेवढंच करायचं आणि जोड निऱ्यांत लपवायचे. पण त्याआधी खालचं अंग पुरतं घडवावं लागतं, नाहीतर लुगडं नुसत्या हवेवर लोंबतं. नातीने आजीला असं घडवायचं म्हणजे जरा ओशाळंच झालं. ते अंग आधी ओव्हनमधून कडक करून घ्यायचं. ‘आजीला भाजायला ठेवलंय’ असं घरात कुणी म्हणू दिलं नाही. आम्ही ‘शेकायला’ म्हणतो.

खरी कसोटी पुढे. कापड आपोआप पडतं. क्ले पडत नाही, पाडावी लागते. प्रत्येक चुणी कुठून निघते ते शोधायचं. कापड कुठेतरी धरलेलं असतं, खांद्याला, कमरेला, वाकलेल्या गुडघ्याला. तिथून ते ताणलं जातं आणि ताण संपला की सैल होऊन घोळतं. दाभणाने नुसत्या समांतर रेघा ओढल्या तर लुगडं होत नाही, पन्हाळी पत्रा होतो. माझ्या पहिल्या तीन आज्या पत्र्यातल्या होत्या.

1890च्या दशकात, जे. जे.मध्ये शिकलेल्या गणपतराव म्हात्र्यांनी विशीच्या आसपास ‘मंदिरपथगामिनी’ हा प्लास्टरचा पुतळा केला. त्या नऊवारीचा फोटो मी भिंग लावून पाहिला. निऱ्या मोजायला बसले आणि लक्षात आलं की आपण पाऊल पाहतोय. कोणता पाय पुढे, भार कशावर, हे सगळं कापडच सांगत होतं.

म्हणजे आजी नुसती उभी करून चालणार नव्हतं. ती काय करतेय ते ठरवायला हवं होतं. मग तिला परसदारी आणलं. एक पाय पायरीवर, पदर कमरेला खोचलेला. गुडघ्यापासून चुण्या पंख्यासारख्या फाकल्या. राहिला ओचा. आजीचा ओचा कधी रिकामा नसे, आणि आत काय आहे हे ठरल्याशिवाय तो करताच येत नाही. शेंगा घातल्या तर टोकं बाहेर येतात, सुपारी घातली तर ओझं दिसत नाही. चिंचा घातल्या. पाच-सात गाभुळलेल्या चिंचा, कुणाला कधी दिसणार नाहीत अशा, पण ओचा खाली ओढला गेला आणि सगळ्या निऱ्या त्या ओढीकडे वळल्या.

पाठीवर माझ्या बोटांचे ठसे उमटले होते, नांगरट केल्यासारखे. ते अल्कोहोलमध्ये बुडवलेल्या कुंचल्याने पुसले. लोंबत्या काठाखाली कापसाचे बोळे ठेवले. ब्रँडप्रमाणे 110 ते 135 अंश सेल्सिअस लागतं, त्याहून फार वर गेलं तर क्ले करपते आणि पीव्हीसीचा विषारी धूर निघतो. माझ्या ओव्हनच्या बटणावर विश्वास ठेवल्यामुळे चौथीचा पदर चहाच्या रंगाचा झाला होता. आता आत वेगळा तापमापक असतो. पाचवी नीट शेकून निघाली.

आईला दाखवली. तिने चेहरा पाहिला नाही, की ज्यांच्यावर मी तीन रात्री घालवल्या त्या शिराही पाहिल्या नाहीत. चष्मा लावला, आजीला तळहातावर घेतलं आणि आधी पाठमोरी केली.

“कासोटा ढिला राहिलाय गं,” ती म्हणाली. “दोन पायऱ्या चढली की सुटेल.”