आजच्या प्रयोगात धैर्यधर कोण?

नाटकाच्या जाहिरातीत तिकीटदर आणि तिकीटविक्रीच्या वेळा यांच्याही खाली, अगदी बारीक टायपात, बहुधा एक ओळ असते. अपरिहार्य कारणाने कलाकारांत बदल करण्याचा अधिकार संस्थेने राखून ठेवला आहे, असा तिचा आशय असतो. वरची ठळक नावे वाचून तिकीट काढणारा या ओळीकडे क्वचितच पाहतो, परंतु जाणता नाट्यरसिक तिच्यापासूनच वाचायला सुरुवात करतो, कारण त्या ठळक नावांमागे एक घसा असतो, एक प्रकृती असते, चित्रीकरणाच्या तारखा असतात आणि मुंबईहून रात्रभर धावणारी एक गाडीही असते, आणि यांतले काहीही ऐन वेळी दगा देऊ शकते. वर्ध्यासारख्या गावात दौऱ्याच्या नाटकाची तिकीटविक्री सुरू झाली की खिडकीपाशी पहिली चौकशी होते ती नेमकी याच गोष्टीची: “मूळचाच येनार हाये न जी, की बदली?”

या एका प्रश्नात रसिकतेचा फार जुना आणि जगभर पसरलेला व्यवहार साठलेला आहे. बॅले, म्हणजे शब्दांचा आधार न घेता केवळ शास्त्रोक्त पदन्यास आणि वाद्यवृंदाचे संगीत यांतून कथा सांगणारे युरोपीय नृत्यनाट्य, त्याचे चाहते हंगामाचे वेळापत्रक जाहीर होताच कोणत्या रात्री कोणती नर्तिका कोणती भूमिका करणार याचा हिशेब मांडू लागतात, आणि प्रयोगाच्या दिवशी कुणाचा घोटा दुखावल्याची बातमी आली की तिच्या जागी कोण येणार यावर तितक्याच तळमळीने बोलतात. १८४१ मध्ये पॅरिसला प्रथम सादर झालेल्या ‘जिझेल’ या बॅलेत, प्रेमात फसवणूक झाल्याने प्राण सोडणारी आणि मृत्यूनंतरही प्रियकराला वाचवणारी एक खेडवळ मुलगी आहे. २ नोव्हेंबर १९४३ रोजी न्यूयॉर्कमध्ये ही भूमिका अलिसिया मार्कोव्हा करणार होती. ती उभी राहू शकली नाही आणि तिच्या जागी हवानाची तरुण नर्तिका अलिसिया अलोन्सो आली. अलोन्सोच्या डोळ्यांतील पडदा निसटलेला होता, शस्त्रक्रियांनंतर तिला अनेक महिने अंथरुणावर निश्चल पडून राहावे लागले होते, आणि त्या काळात तिने जिझेलची संपूर्ण भूमिका हाताच्या बोटांनी पांघरुणावर नाचून पाठ केली होती. मार्कोव्हाची वाट पाहत आलेल्या प्रेक्षकांना त्या रात्री जी मिळाली, तिचे नाव पुढे अनेक दशके या भूमिकेशी जोडले गेले.

न्यूयॉर्कच्या प्रेक्षकाला मात्र एक सोय होती, आणि तीच मुंबई-पुण्याच्या प्रेक्षकालाही असते: पुढच्या आठवड्यात पुन्हा जाऊन तो दुसरी नर्तिका पाहू शकत होता. तुलना करता येणे ही मोठ्या शहराची चैन आहे. १८६२ मध्ये झालेल्या जिल्ह्याचे ठाणे म्हणून १८६६ मध्ये पालकवाडीपाशी वसवले गेलेले वर्धा गाव मुंबई-नागपूर लोहमार्गावर आहे, तेथून दुसरा मार्ग बल्लारशाकडे फुटतो, आणि कापूस विकला जाऊन लोकांच्या हाती पैसा खुळखुळू लागला की नाटक मंडळ्यांनी वऱ्हाड-नागपूरकडे दौरे काढावेत हा जुना शिरस्ता होता. अशा दौऱ्यातील गावाच्या वाट्याला एका नाटकाची एखादी रात्र येते. त्या रात्री जो नट गाडीतून उतरतो, तोच त्या गावापुरता त्या भूमिकेचा धनी ठरतो. पुण्याच्या रसिकाला जो ‘बदली’ वाटतो, तो वर्धा जिल्ह्यातल्याच आर्वीच्या किंवा हिंगणघाटच्या रसिकाला मूळच असतो, कारण मूळ त्याने पाहिलेलाच नसतो. नागपूरला शिकणारा भाचा किंवा पुण्यात दिलेली बहीण यांच्याकडून त्याने तो केवळ ऐकलेला असतो. त्यामुळे मराठी रंगभूमीचा जो इतिहास पहिल्या प्रयोगाच्या नटसंचावरून लिहिला जातो, तो खरे पाहता दोन-तीन शहरांचा इतिहास आहे. उरलेल्या महाराष्ट्राची रंगभूमी मुख्यतः दुसऱ्या, तिसऱ्या आणि चौथ्या नटांनी घडवली आहे.

याचे सर्वांत समृद्ध उदाहरण कृष्णाजी प्रभाकर खाडिलकर यांच्या ‘संगीत मानापमान’ या नाटकाचे. श्रीमंतीच्या अभिमानाने भामिनी गरीब सेनापती धैर्यधराला नाकारते आणि मग स्वतःच वनमाला नावाची साधी मुलगी बनून त्याच्यासमोर जाते. म्हणजे एकीच्या जागी दुसरीने उभे राहणे हा या नाटकाच्या कथेचाच गाभा आहे. किर्लोस्कर नाटक मंडळीने १२ मार्च १९११ रोजी मुंबईत त्याचा पहिला प्रयोग केला, त्या दिवशी सकाळी भामिनीची भूमिका करणाऱ्या बालगंधर्वांची तान्ही मुलगी वारली. प्रयोग पुढे ढकलावा असे मंडळीत बोलले गेले, आणि ते कोणालाही वावगे वाटले नसते; परंतु आलेल्या प्रेक्षकांचा विरस नको म्हणून बालगंधर्व रात्री भामिनीच्या वेषात उभे राहिले. या घटनेची कथा आजवर त्यागाची कथा म्हणून सांगितली गेली आहे आणि ती तशी आहेच. तथापि तिच्यात त्या काळच्या रंगव्यवहाराचे एक कठोर सत्यही दडलेले आहे: भामिनीला बदली नव्हती. पुरुषांनीच स्त्रीभूमिका करण्याच्या त्या युगात वाड्यातली मानिनी आणि झोपडीतली वनमाला एकाच गळ्यातून उमटवणारा दुसरा नट एका दिवसात कोठून आणणार?

धैर्यधराचे तसे नव्हते. ती भूमिका जणू एका हातातून दुसऱ्या हातात जाण्यासाठीच लिहिली गेली होती. पहिला धैर्यधर नानासाहेब जोगळेकर. ते त्याच वर्षी, १९११ मध्ये, निवर्तले. १९१३ मध्ये बालगंधर्व, गणपतराव बोडस आणि गोविंदराव टेंबे यांनी गंधर्व नाटक मंडळी काढली आणि तेथे धैर्यधर झाले ते स्वतः टेंबे, ज्यांनी या नाटकातील पदांना चाली दिल्या होत्या. पायपेटीवर बसून ज्या चाली त्यांनी इतरांसाठी बांधल्या, त्या आता त्यांनाच प्रेक्षकांसमोर गाव्या लागल्या.  यानंतर मास्टर दीनानाथ मंगेशकर धैर्यधर झाले, तेव्हा तर भूमिकेबरोबर गाणेही बदलले. १९१८ मध्ये स्थापन झालेल्या बळवंत संगीत मंडळीचे हे तरुण गायक आपल्या चपळ, आक्रमक आणि अनपेक्षित वळणे घेणाऱ्या गळ्याला मानवेल अशा नव्या चालींत धैर्यधराची पदे गाऊ लागले. आज सामान्य श्रोता धैर्यधराची म्हणून जी पदे गुणगुणतो, त्यांतील काहींची चाल दीनानाथांची असते आणि गुणगुणणाऱ्याला ते ठाऊकही नसते. बदली नटाने भूमिका कितपत बदलावी, या वादाला एवढे सुरेल उत्तर क्वचितच मिळाले असेल.

तिकडे १९०८ मध्ये स्थापन झालेल्या ललितकलादर्श मंडळीत केशवराव भोसले यांचा धैर्यधर गाजत होता, आणि गावोगावच्या रसिकांत गंधर्वपक्ष व केशवरावपक्ष असे दोन तट पडले होते. दोन्ही पक्षांचा वाद बहुतांशी अनुमानावर चाले, कारण दोघे वेगळ्या मंडळ्यांत, वेगळ्या गावी, वेगळ्या रात्री गात. ८ जुलै १९२१ रोजी मुंबईत हे दोघे एका रंगमंचावर आले. टिळक स्वराज्य फंडासाठी झालेला हा ‘संयुक्त मानापमान’चा प्रयोग, ‘संयुक्त’ म्हणजे दोन मंडळ्यांतील नटांनी मिळून केलेला. बालगंधर्वांची भामिनी आणि केशवरावांचा धैर्यधर. दरवेळी आजाराने, भांडणाने किंवा मृत्यूने घडणारा नटबदल येथे उत्सव म्हणून घडवून आणलेला होता, आणि चढ्या दरांची तिकिटे घेऊन लोक नाटकासाठी नव्हे, तर नेमक्या त्या बदलासाठीच आले होते. ज्या फंडासाठी हे घडले, त्याच फंडात वर्ध्याच्या जमनालाल बजाज यांनी असहकारासाठी वकिली सोडणाऱ्यांच्या निर्वाहाकरिता एक लाख रुपये दिले होते. गंधर्वांचा स्वर आणि वर्ध्याच्या कापसाच्या पेढीवरील पैसा हे दोन्ही एकाच राष्ट्रीय तिजोरीत जमा झाले, ही गोष्ट वर्ध्याच्या नाट्यरसिकाने अभिमानाने सांगावी अशी आहे.

त्या रात्री सरस कोण ठरले, याचा वाद पुढे कित्येक वर्षे पुरला. केशवराव मात्र तो ऐकायला उरले नाहीत. ४ ऑक्टोबर १९२१ रोजी, तीन महिनेही पुरते उलटले नव्हते तोच, वयाच्या एकतिसाव्या वर्षी विषमज्वराने त्यांचा अंत झाला. मंडळी बापूराव पेंढारकरांनी सांभाळली आणि त्यांच्यामागे ती त्यांचे पुत्र भालचंद्र पेंढारकर यांच्याकडे आली. कोल्हापुरातील ज्या नाट्यगृहाला केशवरावांचे नाव आहे, ते ८ ऑगस्ट २०२४ रोजी, त्यांच्या जयंतीच्या आदल्या रात्री, आगीत भस्मसात झाले. नटाच्या जागी नट येतो, परंतु ज्या लाकडी रंगमंचावर पिढ्यांचे पाय झिजले त्याची जागा घेणे त्याहून अवघड असते.

विदर्भाच्या संदर्भात आणखी एका भूमिकेचा उल्लेख टाळता येत नाही. नागपूरचे पुरुषोत्तम दारव्हेकर यांच्या ‘कट्यार काळजात घुसली’ या १९६७ मधील नाटकात खाँसाहेबांची भूमिका मूर्तिजापूरला जन्मलेल्या वसंतराव देशपांडे यांनी केली आणि नाटक व नट यांचे असे काही अद्वैत झाले की त्यांच्याखेरीज हे नाटक होणेच नाही, असे मानणारा वर्ग तयार झाला. तरीही ते झाले. चंद्रकांत लिमये यांनी ते केले, पुढे वसंतरावांचे नातू राहुल देशपांडे यांनी केले. गायक-नटाचा बदली शोधणे हे गद्य नाटकातील नटाचा बदली शोधण्याहून अधिक कठीण, कारण संवाद पाठ करता येतात, तान पाठ करून चालत नाही. याच दारव्हेकरांनी दिग्दर्शित केलेल्या ‘नटसम्राट’चा पहिला प्रयोग २३ डिसेंबर १९७० रोजी डॉ. श्रीराम लागू यांनी केला आणि त्यांच्यानंतर दत्ता भट, सतीश दुभाषी, यशवंत दत्त यांनी त्यातला नायक बेलवलकर रंगवला. ‘खरा बेलवलकर कोणता’ हा प्रश्न विचारणारा आपण कोणत्या वर्षी, कोणत्या गावी नाटक पाहिले एवढेच सांगत असतो.

बदलाची घोषणा कशी करावी, हाही रसिकतेचाच भाग आहे. तिसरी घंटा झाल्यावर, दिवे मंदावल्यावर, ध्वनिक्षेपकावरून घाईने एक नाव उरकून टाकणे हा प्रेक्षकाचा अवमान तर आहेच, पण त्याहून मोठा अन्याय त्या नव्या नटावर आहे. आदल्या रात्री नक्कल, म्हणजे आपल्या वाट्याच्या संवादांची आणि त्यांच्या आधीच्या सूचक शब्दांची उतरवून घेतलेली वही, हाती पडलेला आणि दोन तालमींवर उभा राहणारा हा माणूस त्या संध्याकाळचा सर्वांत धाडसी माणूस असतो. त्याचे नाव प्रवेशद्वारापाशी फलकावर मोठ्या अक्षरांत लिहिले जावे. ज्याला पैसे परत हवे असतील त्याला ते मिळावेत. पण असा प्रयोग सोडून जाणाऱ्याने नाट्यकलेतील एक दुर्मीळ थरार गमावला असेच म्हणावे लागेल. मुरलेल्या संचात नटांच्या नजरा सवयीने फिरतात; नवा माणूस आला की त्या जाग्या होतात, सहकलाकार त्याचे प्रत्येक वाक्य खरोखर ऐकू लागतात आणि शंभर प्रयोगांनी गुळगुळीत झालेला प्रवेश पुन्हा धारदार होतो.

हे धाडस जेथे रोजचेच आहे, तो प्रदेश वर्ध्यापासून फार दूर नाही. चंद्रपूर, गडचिरोली, भंडारा आणि गोंदिया या धानाच्या जिल्ह्यांचा पट्टा ‘झाडीपट्टी’ म्हणून ओळखला जातो. तेथे दिवाळीनंतर, धान घरात आले की, मंडई आणि शंकरपट, म्हणजे बैलांच्या शर्यती, यांच्या निमित्ताने गावोगाव रात्रभर नाटके होतात आणि वडसा हे या साऱ्या व्यवहाराचे केंद्र आहे. रोज नवे गाव, थोड्या तालमी आणि पहाटेपर्यंत चालणारा प्रयोग अशा घाईत विंगेतून संवाद पुरवणारा प्रॉम्प्टर हाच नाटकाचा कणा असतो, आणि त्याच्या भरवशावर कोणाच्याही जागी कोणीही उभा राहू शकतो. २०२३ मध्ये पद्मश्री मिळालेले परशुराम खुणे यांच्या नावावर आठशेहून अधिक भूमिका सांगितल्या जातात. एवढ्या भूमिका करणाऱ्या नटाच्या बाबतीत मूळ आणि बदली हा भेदच गळून पडतो.

वर्ध्यापुरते एक काम मात्र करण्याजोगे आहे. बोडसांचे ‘माझी भूमिका’ किंवा चिंतामणराव कोल्हटकरांचे ‘बहुरूपी’ यांसारख्या आत्मचरित्रांतून मंडळ्यांच्या आतील बदल समजतात, पण ते मंडळीच्या बाजूने. गावाच्या बाजूने कोणी नोंद ठेवलेली नाही. नागपूरच्या ‘महाराष्ट्र’ आणि ‘तरुण भारत’ या पत्रांच्या जुन्या अंकांत दौऱ्यांच्या जाहिराती शोधता येतील, परंतु तेथे ठरलेला नट सापडेल, प्रत्यक्ष उभा राहिलेला नव्हे. त्याचे नाव विचारायला आर्वी, पुलगाव, देवळी, हिंगणघाट येथील ऐंशीच्या घरातील प्रेक्षकांकडेच जावे लागेल, आणि तेही याच हिवाळ्यात, वही-पेन्सिल घेऊन.