बार्शीहून आलेला व्हिडिओ गेम

नव्वदच्या दशकात वाशीत वाढलेल्या आम्हा चुलत-आतेभावंडांचा व्हिडिओ गेम बार्शीहून आला. दोन रिमोट, एक बंदूक आणि 9999 गेमची पिवळी कॅसेट. त्यातले खरे गेम मोजकेच, बाकी तेच नाव बदलून. पण कॉन्ट्रा होता! पहिला रिमोट दादाचा, दुसऱ्यासाठी भांडणं. लाईट यायची वाट बघायची, आली की खेळायला बसायचं, आणि मागून आजी, "आरं, बंद करा की आता, ट्यूब उडंल टीव्हीची!"

कॉन्ट्रा मुळात 1987 चा, नाणं टाकून खेळायच्या मशीनवरचा. त्या मशीनचा पडदा उभा. कोनामीनं 1988 मध्ये तो निंटेंडोच्या 8 बिट यंत्रावर आणला, तेव्हा चित्रं साधी झाली. पण आडव्या टीव्हीसाठी जंगल नव्यानं आखलं, टप्पे आठ केले. कमी ताकदीच्या यंत्रावर खेळ जास्त रंगला. आमचं मशीन त्याच यंत्राची नक्कल होतं.

पुढं ताकद वाढली आणि निराशा सुरू झाली. 1996 मध्ये प्लेस्टेशनवर 'कॉन्ट्रा: लेगसी ऑफ वॉर' आला, सोबत थ्रीडी चष्मा. खोली आली, पण दोघांनी शेजारी पळत गोळ्या चुकवण्यातली ती नेमकी उडी हरवली. 2006 मध्ये एक्सबॉक्स 360 वर आला तो उभ्या पडद्याचा मूळ कॉन्ट्रा. पाठ झालेलं जंगलच त्यात नव्हतं. आम्हाला घरचा हवा होता.

बदकांचं दुखणं याहून मोठं. 'डक हंट'मध्ये घोडा दाबला की क्षणभर पडदा काळा व्हायचा, बदकाच्या जागी पांढरा चौकोन उमटायचा, आणि बंदुकीतला डोळा तो उजेड टिपायचा. ट्यूबवर चित्र लगेच उमटतं. सपाट टीव्ही ते किंचित उशिरा दाखवतो, म्हणून बंदूक आंधळी होते. 2014 मध्ये निंटेंडोनं वी यूवर हा खेळ दिला, तोही रिमोटनं पडद्यावरची खूण हलवून खेळायचा. ताईचा नेम आमच्यात सगळ्यात पक्का. पडद्याला नळी न टेकवता मारायची ती एकटीच. खूण सरकवण्यात तो नेम कुठून यावा?

भावंडांनो, कुणाच्या माळ्यावर तो जाड टीव्ही अजून असेल तर भंगारात देऊ नका. बंदूक माझ्याकडं आहे.