खारातलं ऑलिव्ह

परवा देवगडला घरी गेले, तेव्हा बॅगेत हिरव्या ऑलिव्हची बाटली होती. बाबांना बीपी. ‘ऑलिव्ह म्हणजे हार्टला बेस्ट’ हा आपला फंडा! पिझ्झावरही मी ऑलिव्हच मागवते. पिवळा मका म्हणजे काय, नुसता स्टार्च!

आईने एक ऑलिव्ह चाखलं आणि म्हणाली, ‘‘गो, ह्ये तर खारातले आंबेच!’’

मी गप्प. बाबांचे खारातले आंबे डॉक्टरांनी कधीच बंद केलेत.

मग आकडे काढले. १०० ग्रॅम हिरव्या ऑलिव्हमध्ये साधारण १४५ कॅलरीज आणि १५ ग्रॅम फॅट. ते बहुतेक चांगलंच, ऑलिक अ‍ॅसिड. पण सोडियम? तब्बल १५०० मिलिग्रॅम! जागतिक आरोग्य संघटना अख्ख्या दिवसात २००० च्या आत राहा म्हणते. दोष फळाचा नाही. ते झाडावर कडूजहर असतं, म्हणून मिठाच्या पाण्यात मुरवतात. आमच्या कैऱ्यांसारखंच.

आणि तेवढ्याच ताज्या स्वीट कॉर्नमध्ये? ८६ कॅलरीज, १९ ग्रॅम कार्बोहायड्रेट्स, सोडियम जेमतेम १५ मिलिग्रॅम. वर डोळ्यांसाठी ल्युटिन. शुगरवाल्यांनी मोजून खावा, पण बाबांना शुगर नाही.

संध्याकाळी मका उकडला, वर फक्त लिंबू पिळलं. ‘‘मीठ खय?’’ बाबांनी विचारलंच. दिलं नाही. कुरकुरत का होईना, अख्खं कणीस संपवलं त्यांनी.

ऑलिव्हची बाटली माझ्याबरोबर मुंबईला परत आली.