उमापूर : गायरान, घरकुल आणि कुलूपबंद दारे

गेवराईहून शेवगावच्या अंगाला निघालात की रस्ता रानारानांतून जातो. दोन्ही बाजूंना कापूस, मधूनच तुरीचे पट्टे, पाण्याची सोय झाली तिथे ऊस. बीड जिल्ह्याची शीव जवळ येते, पलीकडे अहिल्यानगर जिल्हा लागतो. या टोकाला उमापूर आहे. नकाशावर कडेला दिसले तरी आसपासच्या खेड्यांचे हे मोठे गाव. महसुली मंडळही याच नावाचे.

तुम्ही पोळ्याच्या सुमारास या भागात याल तर वस्त्या माणसांनी भरलेल्या दिसतील. दिवाळीनंतर या, म्हणजे दारोदार कुलूप, एखाद्या ओट्यावर म्हातारी आणि तिच्याजवळ बांधलेली शेळी. मुकादमाची उचल घेतलेला कोयता, म्हणजे नवरा-बायकोची जोडी, कारखान्यावर गेलेली असते. ती परतते पाडव्याच्या आगेमागे. बीड जिल्ह्याला हे नवे नाही. मात्र या कुलपांचा आणि गावच्या कारभाराचा जो संबंध आहे, त्याकडे आपले लक्ष जात नाही. माझेही गेले नव्हते.

मी शेतीखात्याचा माणूस. खते, बियाणे, कीड हा माझा विषय. पण पंचायत समितीत एकाच छपराखाली सगळी खाती बसतात, त्यामुळे घरकुलाचे कागद घेऊन आलेला माणूस आधी मलाच विचारतो. प्रधानमंत्री आवास योजना २०१६ पासून आली. निदान २५ चौरस मीटरचे घर, सपाट मुलखात १ लाख २० हजार रुपये, तेही हप्त्याहप्त्याने. अडते ते जागेवर. ज्याला जागा नाही त्याच्यासाठी राज्याने पंडित दीनदयाळ उपाध्याय यांच्या नावाने जागा खरेदीची मदत सुरू केली. आधी ५० हजार होती, पुढे ती वाढवली. तरीही पुष्कळांचे डोळे गायरानाकडेच वळतात.

इथे नीट समजून घ्या. १९६६ च्या जमीन महसूल संहितेच्या २२ व्या कलमाप्रमाणे गुरचरणाची जमीन जिल्हाधिकारी राखून ठेवतात. मालकी सरकारची, ग्रामपंचायतीकडे फक्त सांभाळ. मराठवाड्यात भूमिहीनांनी वर्षानुवर्षे गायरान कसले आहे, आणि १४ एप्रिल १९९० पर्यंतची शेतीची अतिक्रमणे अटींवर नियमित करण्याचा निर्णय शासनाने १९९१ साली घेतला होता. पण २८ जानेवारी २०११ रोजी सर्वोच्च न्यायालयाने पंजाबच्या एका दाव्यात गावच्या सामाईक जमिनींवरची अतिक्रमणे हटवण्यास सांगितले, आणि त्याच वर्षी १२ जुलैला महाराष्ट्र शासनानेही आदेश काढला. तेव्हा ‘बांध तिथे, मी बघून घेतो’ असे कोणी तोंडी म्हणाले तर विटा आणू नका. आधी कागद मागा.

आता सभेची गोष्ट. एका गावात (नाव सांगत नाही) २६ जानेवारीच्या ग्रामसभेत मला हरभऱ्यावरील घाटेअळीविषयी बोलायचे होते. ग्रामसभेला मतदारांच्या १५ टक्के किंवा १०० माणसे, यांतली कमी असेल ती संख्या लागते. तेवढी जमली नाहीत, सभा तहकूब झाली. तहकूब सभेला ही अट नसते. पुढच्या वेळी पंधरावीस माणसांत घरकुलाची यादी वाचली गेली. एका नावावर कोणी म्हणाले, ‘हे गावात राहत नाहीत.’ नावावर रेघ मारली गेली. ते कुटुंब कुठल्याशा फडात ऊस तोडत होते, हे मला ठाऊक होते. माझा विषय नव्हता म्हणून मी गप्प बसलो. ती रेघ अजून डोळ्यांपुढून जात नाही.

आपल्याकडे ग्रामसभा बहुधा २६ जानेवारी, १ मे, १५ ऑगस्ट आणि २ ऑक्टोबर या दिवशी भरतात. तारखा आणि उसाचा हंगाम शेजारी शेजारी मांडून पाहा. तोडणीवाला घरी सापडतो तो मे आणि ऑगस्टमध्ये. यादी, रस्ता, स्मशानभूमीची जागा, जो विषय तुमचा असेल तो तेव्हाच मांडा. ग्रामसभेआधी महिलांची वेगळी सभा घेण्याचा नियम आहे. बायांनी तिथे बोलावे. आणि कारखान्यावर निघण्याआधी ग्रामपंचायतीला लेखी अर्ज द्या, त्याची पोच घ्या, ती घरी राहणाऱ्या म्हाताऱ्या माणसाच्या हाती ठेवा. अर्ज दोन ओळींचा असला तरी चालतो.

हे सगळे मी उमापुरात एका ओट्यावर बसून एका आजींना सांगत होतो. मुलगा-सून तोडणीला, दोन नातवंडे त्यांच्यापाशी. त्यांनी सारे ऐकून घेतले आणि विचारले, “ती ऑगस्टातली सभा पोळ्याच्या आधी असती का मागून?”

मी म्हटले, “बहुतेक आधीच, आजी.”

“मग हायेत की समदी घरी,” त्या म्हणाल्या, आणि शेळीला पाला टाकायला उठल्या.