दुर्बीण धरणारा हात
घरातील वडीलधारे चालताना वारंवार दाराच्या चौकटीला धडकत असतील, तर तो केवळ वयाचा दोष समजू नका. माझ्या एका वृद्ध रुग्णाची दोन्ही डोळ्यांच्या बाहेरच्या बाजूंची दृष्टी अशीच हरपली होती. मेंदूच्या तळाशी असलेल्या पिट्युटरी ग्रंथीची गाठ दृष्टीच्या नसांवर दाबत होती. ती नाकावाटे दुर्बिणीने काढायचे ठरले.

“डॉक्टर, बाबांच्या मेंदूपाशी यंत्राचा हात जाणार म्हणे?” त्यांच्या सूनबाईंनी धास्तावून विचारले.

त्यांना सांगितले तेच तुम्हांलाही सांगतो. हा हात शस्त्रक्रिया करीत नाही. टेबलाला जोडलेला तो सांध्यांचा दांडा असतो. सुमारे ४ मिलिमीटर जाडीची दुर्बीण सर्जन जेथे ठेवतील तेथेच तो धरून ठेवतो. त्याचे सांधे स्क्रू आवळून किंवा हवेच्या दाबाने घट्ट होतात आणि सर्जनचे दोन्ही हात मोकळे राहतात. इंटर्न असताना तासभर रिट्रॅक्टर धरून माझे मनगट थरथरू लागे. त्यामुळे मला याचे मोल जरा अधिकच वाटते!

मात्र भिंग रक्ताने माखले की दुर्बीण बाहेर काढून पुसावीच लागते. काही सर्जन ती सहकाऱ्याच्याच हाती देतात, कारण तो हात कामाबरोबर हलत राहतो.

“मग आपल्या सर्जनना सवय कशाची आहे?” सूनबाईंनी विचारले, आणि तो प्रश्न त्यांनी फाइलच्या पाठीवर लिहून घेतला.